राहून गेलेलं गोडाचं जेवण

ड्युसेलडॉर्फ
४ मे २०२५

ती. अहिल्यावन्संना,
ऊर्मिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कानाचं यंत्र डबीत जपून ठेवता आणि फोनवर मात्र मलाच मोठ्यानं बोल म्हणून रागावता, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. ऑफिस सुरू झालं. हे तुमच्याकडे सांगलीत गेले त्याला दोन महिने झाले, तरी इथले विटवेनरेंटेचे, म्हणजे विधवा-पेन्शनचे, फॉर्म काही संपत नाहीत. विधवेला किती वेळा लिहून द्यावं लागतं की नवरा गेला!

पण काळजी राजसची आहे. त्याच्या क्लबातला डाव्या बाजूचा जुना खेळाडू निवृत्त झाला आणि ती जागा राजसचीच, असं सगळे धरून चालले होते. तुम्हाला एकदा सांगितलं होतं, हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन प्रकार. एकजण मागे उभा राहून चेंडू फेकतो आणि पुढचे पाच धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अंगावर घेतात. राजस त्या पाचांतला. चेंडूला त्याचा हातसुद्धा लागत नाही. हे चिडवायचे, बावीस वर्षं खाऊ घालून पोराची भिंत केली म्हणून. पगारी करार झाला तेव्हा मात्र साऱ्या इमारतीला सांगत सुटले होते.

आता कोच म्हणतात, नॉख निश्त, अजून तयार नाही. करारात प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून बघायची मुदत आहे, ती जूनअखेर संपते. तोवर पहिल्या पाचांत उभा राहिला नाही तर त्याला घरी पाठवतील. फेब्रुवारीत एकशे अठ्ठावीस किलो होता, आता एकशे चौदा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. मी समजत होते क्लबात जेवतो, क्लबवाले समजत होते घरी जेवतो. परवा कळलं की दुपारी एकदा वरणभात खातो, बास. विचारलं तर भूक नाही म्हणतो आणि खोलीत जातो.

यांच्या दिवसांना तो तिकडे होता तेव्हा काही झालं होतं का? मी तर तापानं वर पडून होते. आठवेल ते कळवा.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहे तो आटू देऊ नका.

तुमची,
ऊर्मिला

सांगली
१९ मे २०२५

चि. सौ. ऊर्मिलास,
अनेक आशीर्वाद.

सवयीनं ‘सौ.’ लिहून गेले. खोडवत नाही, राहू दे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. चार दिवस उत्तर लिहायला घेते आणि ठेवते. शशिधर गेल्यावर पोरानं सगळं नीट केलं. अग्नी दिला, जमिनीवर झोपला, एकवेळ जेवला, गुरुजी सांगतील तिथे मुकाट्यानं बसला. बाराव्याला पिंड दिले आणि संध्याकाळी बॅग उचलली. त्याचा सराव सुरू होणार होता, करारात तारीख होती म्हणे. माझा तोल गेला. दारात त्याला म्हटलं, बापाच्या चौदाव्यापर्यंत थांबवत नाही तुला, गोडाचं जेवण न जेवता निघालास, तर दुःख घेऊनच जा. त्यानं वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसला. तुला हे सांगायला मला तोंड नव्हतं.

चौदाव्याला आपण सगळ्यांनी गोड खाल्लं, आपला दुखवटा निघाला. त्याचा कोणी काढलाच नाही गं. अजून एकवेळच जेवतो म्हणतेस, ते माझ्याच शब्दामुळे. शशीला मी कडेवर घेऊन वाढवलं, माझा जीव ठिकाणावर नव्हता, पण म्हणून काय झालं? सत्त्याहत्तराव्या वर्षी तरी जीभ आवरायला हवी होती.

आता एवढं कर. हे पत्र त्याला वाचून दाखव. गव्हाची खीर कर आणि आत्यानं शब्द मागे घेतला असं सांगून पहिला घास तू भरव. ऐकलं नाही तर म्हणावं, आत्या पाया पडते.

दोघांनी लोभ ठेवा. मला आता तेवढाच आधार.

अहिल्या

ड्युसेलडॉर्फ
९ जून २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं, त्याला वाचून दाखवलं. आधी तुमच्या जिवाला शांत करते. तुमच्या बोलण्यानं काही झालेलं नाही. तुमचा राग तो विमानतळावरच विसरला, आणि चौदाव्याला दुखवटा निघतो तेही त्याला ठाऊक होतं.

हिवाळ्यात दुखण्यामुळे यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, तेव्हा राजसला वजन वाढवायचं होतं. दिवसातून सहा वेळा खायचं. तो ताट घेऊन खोलीत लपायचा, तर हे त्याला स्वयंपाकघरात बोलवायचे, समोर बसवायचे आणि म्हणायचे, इथे जेव, मला बघू दे. मी ऑफिसात असायचे, मला यातलं काही माहीत नव्हतं. तो आठ आठ अंडी, भात, मटण खायचा आणि त्याच्या प्रत्येक घासाबरोबर हे गिळल्यासारखं करायचे. ते एकशे अठ्ठावीस किलो असे झाले, वन्सं. आता घास तोंडाशी नेला की बाबांचा गळा हलताना दिसतो, म्हणाला.

कोचना त्यानं स्वतःच सांगितलं की मी तयार नाही. अंगात जोर नसताना उभा राहिलो तर माझ्या मागचा माणूस मोडेल. त्यांनी दुसऱ्याला उभं केलं. जूनअखेर करार संपेल. मला आधी फार राग आला, इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात घालवली म्हणून. मग लाज वाटली. त्या दोघांनी एकमेकांसाठी काय सोसलं ते माझ्याच घरात मला दिसलं नव्हतं.

काल संध्याकाळी खीर केली. वाटी पुढे ठेवली, तुमचा निरोप सांगितला. तो म्हणाला, तू समोर बस. समोर यांची खुर्ची. मार्चपासून कोणी तिच्यावर बसलेलं नाही. मी बसले. त्यानं माझ्या गळ्याकडे बघत एक चमचा खाल्ला आणि कसाबसा गिळला. दुसरा भरून माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. मग माझ्या गळ्यावरची नजर न हलवता त्यानं विचारलं, उतरला का.

हो म्हटलं. तिसरा त्यानं स्वतः घेतला.

तुमचा हात दुरून का होईना, त्याच्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
ऊर्मिला