सोमवारची शपथ

रत्नागिरी, शनिवार दुपार
माघ, शके १८५४

प्रिय उमे,

हे वाचायला बसण्याआधी दार लोटून घे. तुझ्या सासूबाईंनी विचारलंच तर अक्काने लोणच्याचं प्रमाण कळवलंय म्हणून सांग. पोस्टात टाकायचा धीर होईना, रघू गुहागरला निघालाय त्याच्या हाती देत्ये. हे आत्ता वामकुक्षी करतायत, तेवढ्यात लिहून व्हायला हवं.

घर विकायचं ठरलं हे तुला ठाऊक आहेच. आमच्या हरिहरने मुंबईत दोन खोल्या घेतल्या आणि आता तुम्ही दोघांनी तिकडे एकटं राहायचं नाही म्हणून हट्टच धरला. गिऱ्हाईकही मिळालं, मुरुडचे चिंतामणराव. माणूस सज्जन, पण भारी चौकस. कागद बघितल्याशिवाय पुढे बोलणं नाही म्हणाले. त्यात काय मोठंसं! आमचे कागद बांबूच्या नळकांड्यात, सैपाकघरातल्या चुलीवर टांगलेले. धुरामुळे वाळवी लागत नाही म्हणून सासऱ्यांनी तशी सोय केलेली. यांनी ऐटीत हाक मारली, कामाच्या हौसाने पाटावर चढून नळकांडं काढलं, बघतो तर काय, रिकामं! खरेदीखत नाही, वाटणीपत्र नाही, काही म्हणता काही नाही.

तेव्हापासून घरात कोणाला घास गोड लागत नाही. हे म्हणतात हौसानेच चोरले. अगो, हौसा! हरिहरला जिने कडेवर घेऊन वाढवलं ती! नोंदणी कचेरीतून नक्कल मिळते, त्याने अडत नाही. पण चिंतामणराव म्हणतात, अस्सल कागद चोराकडे असले तर उद्या कोणी ते नाचवत दारात उभा राहील, मी कोर्टाच्या पायऱ्या का झिजवू? मग यांनी फर्मान काढलं, सोमवारी ग्रामदेवीच्या देवळात घरातल्या सगळ्यांनी पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायची. हौसा काल भांडी घासताना रडत होती. देवीसमोर भीतीने जीभ अडखळली तरी लोक मला चोरटीच म्हणतील ना वैनी, म्हणाली.

कागद कुठे गेले ते मला ठाऊक आहे, उमे. थंडी पडल्यापासून माझे गुडघे धरलेत. म्हणून हल्ली हेच पहाटे उठतात, न्हाणीतली चूल पेटवतात आणि मला ऊन पाणी काढून देतात. उभ्या जन्मात ज्यांनी स्वतःचा तांब्या कधी भरून घेतला नाही, ते! मला मेलीला इतकं कौतुक, की आळीभर सांगत सुटल्ये. परवा राख काढायला बसल्ये तर नारळाच्या सोडणांच्या राखेत कागदाचा एक कोपरा. कडा जळलेल्या, वर सरकारी शिक्का आणि सासऱ्यांचं नाव. काड्यापेटी सैपाकघरातल्या चुलीजवळच्या कोनाड्यात असते, तिच्या वरच ते नळकांडं. यांचा हात सहज पोचतो.

तुकडा यांच्यापुढे धरला. उलटसुलट करून बघितला नि म्हणाले, कोणाचा गो हा? जन्मभर कचेरीत लोकांचे दस्त वाचलेला माणूस! मग माझ्या तोंडाकडे बघून असे भेदरले, की मीच घाईघाईने म्हटलं, कोणाचा नाही, कचरा आहे. मध्ये एकदा हे वाट चुकून शेजाऱ्यांच्या आगरात शिरले होते. हरिहरला धाकट्या दिरांच्या नावाने हाक मारली होती. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता नुसती धडकी भरते. हे बाहेर फुटलं तर यांच्या सहीला कोण विचारतो? रस्त्यातली पोरं वेडा म्हणून मागे लागतील. आणि मी गप्प बसल्ये तर हौसा चोर ठरते.

म्हणून सोमवारी तो तुकडा घेऊन मीच पायरीवर हात ठेवणार आहे. सांगणार, रद्दी समजून मी जाळले, माझ्या या हातांनी. चिंतामणरावांची धास्ती जाईल, हौसा सुटेल. हे चारचौघांत मला नाही नाही ते बोलतील, ते ऐकून घेईन. पण देवीसमोर खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते आईने आपल्याला लहानपणी किती वेळा सांगितलंय! फार फार भीती वाटत्ये गो. माझं काही बरंवाईट झालं तर खरं काय ते एकाला तरी माहीत असावं, म्हणून तुला लिहिलं. तसं झालंच तर हरिहरला सांग, बाबांच्या हाताशी काड्यापेटी ठेवू नको, पण त्यांना रागावूही नको. मी ती लपवून ठेवल्ये. आज पहाटे हे अंधारात कोनाडा चाचपत उभे होते. हिचे गुडघे दुखतात, हिला ऊन पाणी हवं, असं पुटपुटत होते.

तुझीच,
अक्का