दाराआडचे बारा अंक

दि. ४ फेब्रुवारी, सोमवार
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

चि. वकीलबाई हिस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तू, जावईबापू आणि दोन्ही पिल्लं मजेत असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय मी ठेवलेली नाही. तुझ्या आईचा खोकला उतरला. गुडघा मात्र ऐकत नाही. जिना चढू नकोस म्हटलं की ती मुद्दाम दोनदा चढते. स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार, जे तू लहानपणापासून पायानं लावायचीस, ते मी नव्यानं बसवलं. आता पायानं लागत नाही. तुझी आई म्हणते, पहिलं होतं तेच बरं होतं.

तुला शेवटचं पत्र लिहून दोन वर्षं आणि एक महिना झाला. दिवसही सांगू शकेन, पण असो.

कामाचं सांगतो. अधिवेशन सहा मार्चला सुरू होतंय. त्याआधी सभागृहाचं मोठं दार उतरवून, तासून पुन्हा बसवायचं काम माझ्याकडे आलं. तू ते पाहिलं आहेस. लोक नुसतं ‘मोठं दार’ म्हणून मोकळे होतात. नऊ फूट चार इंच उंच, दोन झडपा, प्रत्येकीला चार बिजागऱ्या, आणि बुटांनी लाकूड खराब होऊ नये म्हणून तळाशी पितळी पट्टी. पट्टीला चौदा स्क्रू. त्यातला एक मुळातला नाही, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

पहिल्या दिवशी काय होतं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो. क्रम सोडला की मला पुढचं सांगता येत नाही. सभासद आत बसतात. दार लागतं. राज्यप्रमुख बाहेर येऊन उभे राहतात. चोपदार हातातल्या दंडाचा एक ठोका दारावर देतो. आत मी असतो. मी उघडत नाही. मनात बारा अंक मोजतो. बाहेर चोपदारही मोजतो. बारा झाले की तो दुसरा ठोका देतो, आणि मग मी उघडतो.

सव्वीस वर्षं मी हे केलं. माझ्याआधी म्हातारे मिस्त्री करायचे, त्यांनीच मला शिकवलं. “बारा मोज, मग उघड. अकराला नाही, तेराला नाही.” का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “देवानं हात दिलेत ना? मग तोंड कशाला चालवतोस?”

मी शनिवारी लोकांना इमारत दाखवायला लागलो तेव्हा लोक या थांबण्याला हसायचे. “एवढ्या मोठ्या माणसाला दारात तिष्ठत ठेवता? घंटी बसवा की!” एकानं तर विचारलं, आतला माणूस बहिरा आहे का? तो बहिरा माणूस त्याच्या समोरच उभा होता. मला ते लागायचं. मी सातवीपर्यंतच शिकलेला, पण इथल्या ग्रंथालयाची कपाटं दुरुस्त करता करता मी आतली पुस्तकंही वाचली, आणि शिकलेल्यांपेक्षा नीट वाचली. त्यात सापडलं, की पहिल्या सभागृहात बारा सभासद होते. मी दोन टोकं जोडली. बारा अंक म्हणजे ते बारा जण. सत्ता दारात आली की आधी त्यांची आठवण, एकेकाच्या नावानं एकेक अंक, मग दार.

पुस्तिका लिहिली, ‘दार का थांबतं’. लोक हसायचे थांबले. एका म्हाताऱ्या बाईंनी दाराला हात लावून डोळे पुसले, हे मी पाहिलंय. पुढे ते शाळेच्या पुस्तकात गेलं. पान चौतीस.

ते पान तू वर्गात शिकवतेस. आणि त्या शनिवारी तू वर्गाची चाळीस मुलं घेऊन आलीस, हात वर केलास आणि विचारलंस, “बारा सभासदांचं हे कुठं लिहिलंय?”

मी काय उत्तर दिलं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. त्यावर आत्ता लिहीत नाही.

तर, गेल्या मंगळवारी मी डाव्या झडपेची पितळी पट्टी काढली. मिस्त्रींनी बसवल्यापासून ती कुणी काढली नव्हती. खाली लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मिस्त्रींचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. जसंच्या तसं उतरवतो:

“ओलीनं दार फुगलं. पहिल्या ठोक्याला निघेना. खाली पाचर मारून सोडवलं, तोवर बारा अंक झाले. साहेब बाहेर उभे. वाटलं नोकरी गेली. पण आत सगळ्यांनी बाकं वाजवली. पुढच्या वर्षीही असंच थांबायला सांगितलं आहे. दार मात्र तासून घेतलं. — मिस्त्री.”

वरच्या कोपऱ्यात तारीख. एकेचाळीस वर्षांपूर्वीची.

बारा सभासद नाहीत, काही नाहीत. फुगलेलं दार आणि घाबरलेला सुतार.

आता नेमकं याच वेळी एक सुधारणा समिती बसली आहे. हल्ली सगळं थेट दाखवतात, तेव्हा ते बारा अंक रिकामे दिसतात म्हणे. समितीत एक सभासद आहेत, त्यांना आम्ही घड्याळवाले म्हणतो, कारण ते दुसऱ्याच्या भाषणात स्वतःच्या मनगटाकडे पाहतात. त्यांना हे थांबणं काढून टाकायचं आहे. गुरुवारी अकरा वाजता मला साक्षीला बोलावलंय, प्रथेचं मूळ सांगायला.

सभागृहाच्या सचिवांना मी ते लाकूड दाखवलं. माणूस वाईट नाही, प्रथा राहावी असं त्यांना मनापासून वाटतं. उकिडवे बसून दोनदा वाचलं. उठताना मला म्हणाले (आता इथं मलाच मिस्त्री म्हणतात), “मिस्त्री, तुम्ही फक्त पुस्तिका वाचून दाखवा. पट्टी बसवून टाका. चौदा स्क्रूंचं तर काम.”

तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, “बारा सभासदांनी तुम्हाला जेवू घातलं होतं का? नाही ना? मग गेले तर जाऊ देत. ताट वाढलंय.”

मी गुरुवारी खरं तेच सांगणार आहे. त्यानं प्रथा गेली तर माझ्या हातून गेली असं होईल. सव्वीस वर्षं ज्यासाठी उभा राहिलो, ते मीच बुडवलं असं होईल. तरी सांगणार आहे. तुला कळवावंसं वाटलं. ये, असं म्हणत नाही.

तुझा,
बाबा

ता.क. पितळी पट्टी अजून बसवलेली नाही.


दि. ८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी

चि. वकीलबाई हिस,

आशीर्वाद. सोमवारचं पत्र पोचलं असेल. काल साक्ष झाली, ती आधी सांगतो.

लांब टेबल, सात सभासद, पाण्याचे सात ग्लास आणि मला स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी पुस्तिका नेली होती, ती उघडली नाही. मिस्त्रींचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणालो, “बारा सभासदांची गोष्ट मी रचली. तिला कुठलाही आधार नाही. ती खरी असावी असं मला वाटत होतं, एवढाच आधार होता.” सचिव खिडकीबाहेर बघत होते.

घड्याळवाले एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “म्हणजे चाळीस वर्षं आम्ही फुगलेल्या दाराला मान देत होतो? उद्या खुर्ची मोडली तर तिलाही हार घालाल!”

सगळेच हसले. मीही हसलो असतो, पण स्टूल हलत होतं.

मी म्हणालो, “साहेब, दार पहिल्या वर्षी फुगलं होतं. दुसऱ्या वर्षी ते तासलेलं होतं. एका बोटानं उघडलं असतं. दुसऱ्या वर्षी जे थांबले, ते ठरवून थांबले. मी पहिल्या वर्षाची खोटी गोष्ट सांगत बसलो आणि दुसऱ्या वर्षाची खरी गोष्ट राहून गेली.”

हसणं थांबलं. टेबलाच्या टोकाला एक वयस्कर बाई सभासद बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, “आणि बाहेर जे उभे होते, ते का थांबले? त्यांना कुणी सांगितलं होतं?”

मी म्हणालो, “बाई, ते मला माहीत नाही.”

हे वाक्य मी त्या इमारतीत पहिल्यांदा बोललो. तुला यावर हसू येईल. येऊ दे.

निकाल असा. यंदा थांबायचं. पुढचं नंतर ठरेल. पुस्तिका मागे घेतली. माझे शनिवार बंद, पुस्तिका दुरुस्त होईपर्यंत. ते योग्यच आहे. शाळेच्या पुस्तकवाल्यांना मी पान चौतीसबद्दल स्वतः पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह.

आता सोमवारच्या पत्रात जे लिहिलं नाही ते.

त्या मंगळवारी ते अक्षर दिसल्यावर मी आधी सचिवांना बोलावलं नाही. आधी रंधा उचलला. कामाची खोली रिकामी होती. पेन्सिलीचं लिखाण, रंध्याचे तीन हात मारले की संपलं. कुणाला कळलं नसतं. दार तासायचंच होतं, ते तर माझं कामच. खालच्या बाजूनं मी एक हात मारलासुद्धा. साल निघाली, गुंडाळी होऊन पायाशी पडली. आणि मला तुझा आवाज ऐकू आला. मोठेपणीचा नाही, सहा वर्षांची असतानाचा. मी काहीही सांगितलं की तू कमरेवर हात ठेवून विचारायचीस, “कशावरून?” म्हणून तर तुझं नाव वकीलबाई पडलं, आणि ते मीच पाडलं. चारचौघांत किती अभिमानानं सांगायचो.

तू दोन वर्षांपूर्वी विचारलं होतंस, कुठं लिहिलंय. तिथं लिहिलं होतं. माझ्या पायाशी, पट्टीखाली, जिथं मी सव्वीस वर्षं उभा राहिलो तिथं. आणि मी ते खरवडत होतो.

त्या शनिवारी मी म्हणालो, “या बाईंना सगळं कागदावर लागतं. पुढचा प्रश्न कुणाचा?” प्रश्नाचा राग आला हे एक वेळ ठीक. पण मी ‘या बाई’ म्हणालो. ओळख दाखवली नाही. तुझ्या वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीनं हळूच विचारलं, “बाई, हे तुमचे बाबा ना?” आणि तू तिला म्हणालीस, “चला, रांगेत उभे राहा.” ते मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं दाखवून मी सगळ्यांना झुंबराची माहिती द्यायला लागलो. सहाशे बारा लोलक. सगळे सांगितले.

माझं चुकलं. बारा अंकांबद्दल चुकलं, आणि त्याहून जास्त तुझ्याबद्दल चुकलं. पहिलं मी समितीपुढे बोललो. दुसरं चाळीस मुलांपुढे झालं होतं, म्हणून ते चाळीस मुलांपुढेच बोलायचं आहे. ती मुलं आता वरच्या वर्गात असतील. जमतील तेवढी आण. नाहीतर नवी आण.

सचिवांकडून एकच शनिवार मागून घेतला आहे, सोळा तारखेचा, सकाळी दहा. आधी म्हणाले, शनिवार बंद म्हणजे बंद. मी म्हणालो, मग मी दाराला कुलूप लावून किल्ली खिशात घालतो. मग हो म्हणाले. दार बसवून झालं आहे, पट्टी अजून लावलेली नाही. मिस्त्रींचं अक्षर मुलांना वाकून वाचता येईल. सुरुवातीला मी म्हणेन, “या माझ्या कन्या. प्रश्न यांचा.” मग तू तोच प्रश्न विचारायचा. त्याच आवाजात, मऊ करायचा नाही. उत्तर मी देईन.

सोबत पाकिटात ती लाकडाची साल आहे. जपून उलगड, कोरडी झाली आहे. तिच्यावर मिस्त्रींच्या सहीचा खालचा अर्धा भाग आहे, वरचा दारावर राहिला. मी काय करायला निघालो होतो त्याचा हा पुरावा. तुझ्यापाशी राहू दे.

जावईबापूंना नमस्कार. पिल्लांना पापे. तुझी आई म्हणते, मुलांसाठी डबे आणू नकोस, ती सगळ्यांचं करेल. गुडघ्याबद्दल बोलू नकोस.

शनिवारी दार लावलेलं असेल, ते मुलांना दाखवायला लावावंच लागतं. तू ठोका दे. मी आतच उभा असेन, आणि तुझ्यासाठी मोजणार नाही.

पहिल्या ठोक्याला उघडणारा,
तुझा बाबा