पाहुणी थंडी

९ जानेवारी

थंडी! दाराशी गिऱ्हाईक उभं. गेली कित्येक वर्षं आमच्या रजयांच्या दुकानात माशीसुद्धा विचार करून यायची — आज रांग. मुलगा कापूस पिंजायच्या यंत्राशी असा उभा, जणू थंडी त्यानेच मागवली. "आई, बघ! कोण म्हणत होतं हवामान बदललं?"

म्हणत होती त्याचीच लेक. ती आत चहा ढवळत राहिली. हुशार आहे.

१० जानेवारी

आणखी थंडी. बोटं आखडली, टाके वाकडे. एक गिऱ्हाईक म्हणालं, आजी, टाके तिरके आलेत. म्हटलं, झोपेत काय टाके बघत बसणार आहेस?

११ जानेवारी

आज फुटलं. नात एसी दुरुस्तीचं शिकली. दुसऱ्या शहरात वर्कशॉपात नोकरी लागली आहे, सोमवारी हजर व्हायचं. मुलगा म्हणतो, जायचं नाही! "थंडी परत आली, धंदा परत आला. एकुलती एक लेक तू — दुकान कोण बघणार, मांजर?"

नात म्हणाली, "बाबा, हा एक आठवडा आहे. आठवड्याच्या थंडीला हवामान म्हणत नाहीत. तीस-तीस वर्षांचं बघतात, तेव्हा कळतं."

"तीस वर्षं! तू अजून पंचविशीची नाहीस."

सून म्हणाली, आधी जेवून घ्या. दोघंही जेवली नाहीत. मी जेवले.

१२ जानेवारी

दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. म्हातारीला विचारायचं म्हणजे आपल्या बाजूला ओढायचं.

सासूने दिलेली लांब सुई काढून पाहिली — जाडजूड रजईची. गंजली आहे. या थंडीतही जाड रजई कोणी मागितली नाही. सगळे पातळ नेतात. आठवड्याने कपाटात जायची, हे त्यांनाही ठाऊक.

मुलाला म्हटलं, "ही थंडी पाहुणी आहे. आली आहे तर चार पैसे कमवून घे. तिच्या भरवशावर पोरीला बांधून ठेवू नकोस."

"तुला काय कळतं हवामानातलं?"

"काही नाही. पाहुणे कळतात. तुझा मामा एकदा वेळेवर आला होता. म्हणून काय तो वेळेचा पक्का झाला?"

सून फिसकन हसली. मग बिचारीला बरंच ऐकावं लागलं.

१५ जानेवारी

नात गेली. बाप दारापर्यंत आला नाही.

१६ जानेवारी

मुलगा माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता. तब्येतीला चांगली.

१८ जानेवारी

थंडी हलायचं नाव घेत नाही. पाहुणी चिवट निघाली. मुलगा गिऱ्हाईकांना मोठमोठ्याने सांगतो — "थंडी आता राहायलाच आली!" ते मला ऐकवायला.

१९ जानेवारी

नात परत. बॅगेसकट. वर्कशॉपवाले म्हणाले, असल्या थंडीत एसी कोण लावतंय? काम नाही. गरम व्हायला लागलं की या.

म्हणजे थंडी पाहुणीच, मी चुकले नव्हते, तरी फटका पोरीलाच बसला.

आता बाप तोंड सोडणार, म्हणून मी तयारीत. त्याने यंत्र बंद केलं. सरकून तिला शेजारी जागा केली. ती बसेना.

"थोडे दिवस गं," तो म्हणाला. "उन्हाळा हल्ली लवकरच येतो."