पडद्याखालचा प्रबंध

आदरणीय वन्स,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून घेते, कारण एकदा माझं गाऱ्हाणं सुरू झालं की ती राहूनच जाईल. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की इतरांनाच शिकवता? इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. (रोज सकाळी डोक्यावरचा चष्मा कुठे आहे असं मला विचारतात, म्हणजे तब्येत उत्तम.)

तर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवं सर्च आलं आहे. पडद्यावर एक चौकट, तीत शब्द टाकायचा, की पुस्तकं, लेख, प्रबंध, सगळं धो धो बाहेर येतं. हेच काम सत्तावीस वर्षं मी काउंटरवर बसून तोंडी करते आहे, पण माझ्यासाठी कोणी फीत कापली नव्हती. प्राचार्यांनी फर्मान काढलं, की ग्रंथपालांचं आणि विद्यार्थ्यांचं मत घ्या. मुलांचं नुसत्या सर्चवर भागत असेल, तर काउंटर बंद आणि माझी रवानगी तळघरात, जुनी मासिकं बांधायला. वन्स, दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

ग्रंथपालांचं मत म्हणजे माझं आणि मासिकांचं टेबल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं. तो म्हणाला, एका शब्दाला चाळीस हजार उत्तरं देणारं यंत्र आणि एकही न देणारं यंत्र, दोन्ही सारखीच. (हे मला सुचलं नाही याचा रागच आला.) मुलांचं मत उलट. तुमच्या यादीत शोधायला आधी लेखकाचं आडनाव लागतं, आणि ते माहीत असतं तर तुमच्याकडे आलो कशाला असतो, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. मुलगा वाह्यात आहे, पण मुद्दा बरोबर होता.

मग प्राचार्यांसमोर परीक्षा ठरली. शाळकरी मुलांच्या झोपेवर संशोधन करणाऱ्या एका मुलीला एक जुना प्रबंध हवा होता. तिने बटणं दाबली आणि सर्चने क्षणात सांगितलं, तिसरं कपाट, वरचा कप्पा. मीही न बघता तेच सांगितलं, शिवाय जाड आहे आणि निळ्या बांधणीचा आहे, अशी भर घातली. (बांधणीचा रंग यंत्राला कुठला माहीत?) कपाटात प्रबंध नव्हता. मी शिडीवर चढले, प्राचार्यांनी शिडी धरली, चार कपाटं पालथी घातली. शेवटी त्या मुलीने सर्चच्या पडद्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "बाई, तो खालचा निळा का?" पडदा बुटका पडतो म्हणून महिन्यापूर्वी एक जाडजूड बाड मीच त्याच्याखाली सरकवलं होतं. यंत्र ज्याच्यावर उभं होतं तेच शोधत होतं, आणि मी शिडीवर. प्राचार्यांनी फक्त शिडी सोडली.

आता तळघरच, असं मनाशी धरून मी मुलांच्या मतांचे फॉर्म मोजायला बसले. 'लागेल ते शोधायला काय वापरता?' या प्रश्नापुढे त्रेसष्टांपैकी एकेचाळीस जणांनी लिहिलं होतं, 'बाई'. एकाने खुलासाही केला होता, 'सर्चमध्ये कोणता शब्द टाकायचा ते बाईंना विचारतो. ओरडतात, पण सांगतात.' वन्स, माझे डोळे भरून आले. काउंटर राहिलं. इतकंच, की मुलांचा एवढा विश्वास आहे म्हटल्यावर सोमवारपासून सर्च कसं वापरावं याचे वर्ग मीच घ्यायचे, असं प्राचार्यांनी ठरवून टाकलं.

बाकी सगळं ठीक. जिने टाळा.

तुमची,
भावजय

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. मुलांना शब्द सुचवते, पण ते सर्च मी अजून एकदाही चालवलेलं नाही. तुमच्या धाकटीला रविवारी पाठवा. संशोधनाचं सगळं अंथरुणात लोळत फोनवरच शोधते म्हणाली, तेव्हा मी तिला तासभर झाडलं होतं, ते मागे घेते. तुमच्या बंधूंना मात्र, ती सहज आली, असंच सांगू दे.

आणखी ता. क. त्या एकेचाळीस फॉर्मांपैकी अडतीस मी काउंटरवर समोर उभी राहून भरून घेतले होते. प्राचार्यांना हे माहीत नाही. तीन मात्र मुलांनी घरून भरून आणले. त्या तिघांसाठी तरी मला हे नीट शिकायला हवं.