उजवीकडच्या तीन कॅपा

रामवाडी, पेण
मंगळवार, २४ ऑगस्ट १९९९

चि. शरद,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पुढे लिहिता लिहिता राग आला तर ते राहून जायला नकोत.

इकडे सगळं ठीक. गणपती वीस दिवसांवर आलेत, त्यामुळे घरामागच्या कारखान्यात सकाळपासून रेडिओ आणि घासकाम, आणि माझ्या खिडकीच्या गजांवर पांढरी धूळ. परवा घरमालक नव्या भाडेकरूला घेऊन आले. त्या गृहस्थाने माझ्यादेखत माझ्या पुस्तकांच्या कपाटाची जागा टेपने मोजली आणि "इथे फ्रिज बसेल" म्हणाला. दिवाळीपर्यंत घर रिकामं करते असं मी लेखी दिलेलं आहे, म्हणून गप्प राहिले. तुमच्याकडच्या खोलीला फिका निळा रंग दिल्याचं सूनबाईने फोनवर सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर पांढरा म्हटलं असतं. असो.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, असं तू म्हणशील. चार वेळा फोन लावला. दोनदा सूनबाईने उचलला, दोनदा तू. चारही वेळा मी पावसाबद्दल बोलले.

आता दातांबद्दल.

तू बसवलेल्या तीन कॅपांना दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी उजव्या बाजूने एक घास चावलेला नाही. ब्रश लावला की रक्त येतं. शेंगदाण्याचा कण अडकला तर दोन दिवस मुक्काम करतो आणि हिरडी ठणकत राहते. पेणला राहून मी पापड सोडले. मिठाच्या गुळण्या तर इतक्या केल्या, की धरमतरच्या मिठागरांचं अर्धं मीठ मी एकटीने संपवलं असेल. तुझ्याकडे जेवायला बसते तेव्हा भाकरी आमटीत भिजवते. सूनबाईला वाटतं, मला तशीच आवडते. ती आता माझ्यासाठी मुद्दाम पातळ आमटी करते.

सहा वेळा मी तुला सांगितलं. सहाही वेळा तू माझ्या तोंडात आरसा आणि दोन बोटं घालून विचारलंस, "फार नाही ना दुखत?" त्या अवस्थेत माणूस काय उत्तर देणार? मग बोटं काढून म्हणालास, "मावशी, सवय होईल. या वयात हिरड्या नाजूक होतातच." माझं वय मला ठाऊक आहे. डाव्या बाजूच्या हिरड्याही त्याच वयाच्या आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही.

आणि वर दवाखान्यात कुणी नवीन पेशंट आला, की "ही माझी मावशी, हिने मला वाढवलं. मावशी, जरा आ करा." मी आ करत आले. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, बाजारात बैलाचे दात दाखवावेत तशी दाखवली जात होते आणि मान डोलवत होते.

ती मान विमलबाईनेही पाहिली.

विमलबाई तुला आठवत असेल. जिते गावची, मागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. दुपारी माझ्या ओट्यावर डबा खाते. एप्रिलमध्ये सुपारीने तिची दाढ तुटली. ती पनवेलच्या सरकारी दवाखान्यात काढूनच टाकणार होती. मी म्हटलं, काढू नकोस, रोह्याला माझा भाचा आहे, जित्याला गाडीत बसलीस की थेट रोह्याला उतरशील. चिठ्ठी दिली. मे महिन्यात मी तिला घेऊन आले, तेव्हा तिच्यासमोरही मी आ केला आणि तू तिला कॅप बसवलीस.

जूनमध्ये ती ओट्यावर बसून जिभेने दाढ चाचपत होती. म्हणाली, "टीचरबाय, सांधा रायलाय गो."

मला कळलं नाही. ती उठून कारखान्यात गेली आणि साच्यातून काढलेला, न घासलेला हातभर गणपती घेऊन आली. माझं बोट धरून त्याच्या कानामागे फिरवलं. बारीक कंगोरा लागला.

"यो सांधा. डोल्याला दिसत नाय. बोट फिरवाचा, लागला का घासाचा, परत फिरवाचा. तुमच्या भाच्यानं बोट फिरवला नाय."

मी काय म्हटलं, ऐक. मी माझा शाळेतला आवाज काढला. "विमलबाई, तो डॉक्टर आहे, गणपती घासणारा नाही. सवय होईल."

तिने विचारलं, "तुमाला झाली का?"

मी म्हटलं, "झाली."

शरद, मी आयुष्यात पुष्कळ माणसांना पुष्कळ कडवट बोलले आहे, पण खोटं फारसं बोललेली नाही. आमच्या कॉन्व्हेंटात कॅथलिक मुलींना पडद्याआड कबुली द्यायची सोय होती. आम्हा बाकीच्यांना शनिवारी वर्गासमोर उभं राहून आठवड्यातली एक चूक सांगायला लागायची. स्वतःचीच; शेजारणीची सांगितली तर पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं. म्हणून तुझी सांगून झाली, आता माझी.

मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये मी तुला "मैत्रिणीकडे जाते" सांगून पनवेलला गेले, ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. तिन्ही कॅपांची कड दाताबाहेर आलेली आहे, छपराच्या वळचणीसारखी, आणि खालून हिरडी कुजते आहे. त्यांनी विचारलं, "कुणी बसवल्या?" मी म्हटलं, "मुंबईत एकाने." खोटं मी तिथूनच सुरू केलं. तो एक्स-रे मी घरी आणून डिक्शनरीत ठेवला. तेव्हाच तुझ्यासमोर टाकला असता, तर विमलबाईच्या दाढेवरून तू बोट फिरवलं असतंस. का टाकला नाही? कारण पुढे तुझ्याच घरात राहायचं होतं. हे वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली.

परवा रविवारी विमलबाई आली ती पदराने गाल धरून. चेहरा डाव्या बाजूने डोळ्यापर्यंत सुजलेला. खाली मान घातली की ठणका लागतो, आणि मान खाली घातल्याशिवाय आखणी होत नाही. मोसमाच्या ऐन वीस दिवसांत तिला आखणीवरून उठवून रंगाची भांडी धुवायला बसवलंय. बावीस वर्षं डोळे काढणारी बाई.

मी डिक्शनरी उघडली आणि एक्स-रे तिच्या हातात दिला.

तिने तो खिडकीशी धरला. कॅपेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "यो कवाचा?"

"गेल्या वर्षीचा."

"माज्या दाढंच्या आदीचा?"

"हो."

"मंग येवडे दिस तोंड मिटून का बसलीव गो, टीचरबाय? तुमी तर पोरांना खोटं बोलले का बाकावर उबी करायचीव."

मी तिचा हात धरला. तिने तो झिडकारला नाही, इतकंच. काल मी तिला घेऊन पनवेलला गेले. सूज उतरायला गोळ्या दिल्या आहेत. बुधवारी, एक सप्टेंबरला, तिची कॅप काढायची आणि माझ्या तीन. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, की आत घासलेले खुंट उरलेत, काढताना एखादा मोडूही शकतो. मूळ दात आता परत मिळणार नाहीत. म्हणजे ठेवाव्यात तर कुजतं, काढाव्यात तर मोडेल. तरीही काढायच्या. या वेळी त्यांनी "कुणी बसवल्या?" विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

राग आला ना? थांब, अजून एक राहिलं आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरते आहे.

ज्या दिवशी तू कॅपा बसवल्यास, त्या दिवशी तू थांबला होतास. दात चाचपायची सुई कडेने फिरवलीस, कपाळावर आठी पडली. "मावशी, थोड्या मोठ्या आल्यात. लॅबकडे परत पाठवू का? आठ दिवस लागतील." दवाखान्यातली तुझी पहिली केस. आणि मी, एका अनुस्वारासाठी अख्खी वही परत करणारी मी, म्हटलं, "बसव रे. चालेल."

तुझी आई, माझी आनंदी, गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. त्यानंतर तुझ्या कुठल्याच गोष्टीला मी "चालेल" म्हटलं नव्हतं. त्या एका दिवशी म्हटलं, आणि तू ते शिकलास. मला तरी तू विचारलंस. विमलबाईला विचारलंही नाहीस.

पण म्हणून दीड वर्ष "सवय होईल" म्हणत राहण्याचा गुन्हा माझ्यावर ढकलू नकोस. तो तुझाच.

एक्स-रे सोबत पाठवते आहे. उजेडासमोर धर. बुधवारी सकाळी दहाला पनवेलला ये. रागावून आलास तरी चालेल, पण ये, आणि विमलबाईला स्वतःच्या तोंडाने सांग. तिने निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते: "त्याला सांगा, माजी कॅप काडतील तवा जवल उबा रा आनि बोट फिरवून बघ. म्हंजे दुसऱ्या कुनाला नाय होनार." तिला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. मला वाटतं तिने फार कमी मागितलं.

तू आला नाहीस, तर तुझ्याकडे मी चिठ्ठ्या देऊन पाठवलेल्या आणखी दोन बायकांकडे मी स्वतः जाईन. नावं तुला माहीत आहेत.

निळ्या खोलीचं तू आणि सूनबाई मिळून ठरवा. तिथे येऊन आणखी वीस वर्षं भाकरी भिजवून गिळणं मला जमणार नाही, आणि दिवाळीनंतर इथे माझ्या कपाटाच्या जागी फ्रिज असेल. दोन्ही दारं बंद होतील हे मला ठाऊक आहे. तरी हे पाकीट चिकटवते आहे.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत. ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाहीत.

जिने तुला त्या दिवशी "परत पाठव" म्हणायला हवं होतं ती,
सुहासिनीमावशी