चौघांचं पॅकेज

रविवार, ७ डिसेंबर

प्राचीचा फोन. नाताळच्या सुट्टीत हैदराबादहून येते आहे. अबोली आणि अलकासुद्धा. जावई केदारराव नेहमीप्रमाणे नाहीत, त्यांना सुट्टी नाही. अलका नातीला सांभाळायला लेकीकडे पंधरा दिवसांसाठी गेली होती. ते पंधरा दिवस जरा लांबले. मधे दोन दिवाळ्या झाल्या.

अबोलीला प्रत्यक्ष बघून तीन वर्षं झाली. पण व्हिडिओ कॉलवर दिसते, म्हणजे बघितल्यातच जमा.

ठराव: या खेपेला अलकाला परत जाऊ द्यायचं नाही. मात्र घरात विषय काढायचा नाही. घरात विषय काढला की ती भांडी घासायला उठते. विषय डोंगरावर काढायचा. समोर दरी, थंड हवा, हातात चहा. तिथे कोणी नाही म्हणूच शकत नाही.

बैहरच्या घाटात नवीन फॅमिली रिसॉर्ट झालं आहे. सकाळी जा, संध्याकाळी परत या.

बुधवार, १० डिसेंबर

रिसॉर्टला फोन केला. मॅनेजर राजेंद्र. रविवार २८चं चौघांचं डे-पॅकेज पक्कं. वर व्ह्यू पॉइंट आहे, खुर्च्या आहेत, चहा मिळतो. म्हणजे माझं काम झालं.

तो म्हणाला, संडेला फक्त फॅमिली, एकट्या पुरुषाला आत सोडत नाहीत. मी त्याचं अभिनंदन केलं. डोंगरावर एकटा माणूस येतोच कशाला, असं स्पष्ट विचारलं. कोणालाही सूट देऊ नका म्हटलं. पाटबंधारे खात्यात हयात घालवली, नियमाचं महत्त्व मला माहीत आहे. त्याच्यावर छाप पडली असावी.

शनिवार, १३ डिसेंबर

बाजार. अबोलीसाठी लोकरीची कानटोपी घेतली, गुलाबी, वर गोंडा. दुकानदारानं वय विचारलं. मी हातानं कमरेपाशी उंची दाखवली, एवढी. आजोबाचा हात म्हणजे फूटपट्टीच. टोपीचा फोटो प्राचीला पाठवला. अबोलीला आवडली म्हणे.

व्ह्यू पॉइंटवरच्या भाषणाची तयारी सुरू. स्वयंपाकाच्या जिजाबाईनं विचारलं, साहेब, आरशासंगं काय बोलून राह्यले? मी म्हटलं, ऑफिसचं काम. रिटायर झालो हे तिच्या लक्षात राहत नाही, बरं आहे.

गुरुवार, १८ डिसेंबर

प्राचीची रजा कमी झाली. २७च्या संध्याकाळी येणार, २९ला सकाळी जाणार. उत्तम. वेळ कमी असला की निर्णय लवकर होतो.

बुधवार, २४ डिसेंबर

येत नाहीत. प्राचीच्या ऑफिसात काहीतरी निघालं. अलकाला म्हटलं, तू तरी ये. म्हणाली, पोरीले सोडून मी कशी येऊ? तुमीच या ना इकडं. काहून तिथं एकटे बसून राह्यले?

तिला समजावलं. घराला कुलूप लावून चालत नाही. नळ दिवसाआड येतो, मी नसलो तर पाणी कोण भरणार? मागून केदाररावांचा आवाज आला, बाबा नसतील तर पाणी लागणार कोणाला? हुशार मुलगा, पण व्यवहार कळत नाही.

मी अजिबात नाराज नाही. रात्री जेवलो नाही, ते पोट बरं नव्हतं म्हणून.

शनिवार, २७ डिसेंबर

विचार केला. रद्द करणं चूक. खात्यात आम्ही कुठलंही काम स्थळनिरीक्षणाशिवाय हाती घेत नव्हतो. उद्या जाऊन व्यवस्था बघून येतो. पुढल्या वेळी सगळे आले की अडचण नको.

रविवार, २८ डिसेंबर

सकाळी. बैहरच्या बसमध्ये. थर्मास, मफलर. अबोलीची टोपी पिशवीत. निरीक्षणाला टोपीची गरज नाही, पण पिशवीत होतीच.

साडेदहा. गेट. गार्डनं विचारलं, फॅमिली? म्हटलं, मागून येते आहे. हे खोटं नाही. कधी ना कधी येणारच आहे. त्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली. लोक माणसाची पत ओळखतात.

थोड्या वेळानं. गाडी आली की मी उठून उभा राहतो, रस्त्याकडे बघतो, परत बसतो. गार्डला शंका येऊ नये म्हणून.

बारा वाजून गेले. राजेंद्र स्वतः आला. म्हणाला, सर, संडे को सिंगल अलाउड नहीं है. म्हटलं, मी सिंगल नाही, लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तर म्हणे, फोन पे आपने ही तो बोला था, किसी को छूट मत देना. मला आवाजावरून ओळखलं. माणूस नियमाचा पक्का आहे, मला आवडला. खुर्ची तेवढी त्यानं गेटच्या बाहेर सरकवायला सांगितली.

संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये. आत गेलो होतो. कसं, ते लिहितो.

लामता गावचा शेतकरी चैतराम, त्याची बायको मैनाबाई आणि लेक दीपिका मोटरसायकलवरून आले. धान विकून झालं, पोरीला डोंगर दाखवायचा होता. त्यांच्याजवळ बुकिंग नव्हतं, म्हणून गार्डनं परत फिरवलं. मैनाबाई माझ्याजवळ थांबली. बाबा, कोनाची वाट पाहून राह्यले? मी म्हटलं, फॅमिलीची, चौघांचं बुकिंग आहे. तिनं रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेटवर गेली आणि सांगितलं, हे आमचे मामा हायेत, बुकिंग यायच्याच नावावर हाय. राजेंद्रनं चौघांना मोजलं आणि आत सोडलं.

पोरीचे कान गाडीवरच्या वाऱ्यानं लाल झाले होते. टोपी दिली, वापरापुरती. बरोब्बर बसली. माझा अंदाज चुकत नाही.

चौघं एका टेबलाला जेवलो. दीपिका माझ्या कमरेला धरून झोक्यापर्यंत चालत गेली, तेवढीच आहे उंचीला. रिसॉर्टच्या माणसानं फोटो काढला, तेव्हा माझ्या मांडीवर बसली होती.

व्ह्यू पॉइंटवर चहा घेतला. दरी खरोखरच छान. भाषण तयार होतं, वाया कशाला घालवायचं, म्हणून मैनाबाईला ऐकवलं. आपलं घर, आपलं गाव, म्हातारपणी एकमेकांची सोबत, सगळं. तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, मंग तुमीच काहून नाई जात तिकडं? मी नळाचं सांगितलं. त्यावर तिनं भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.

निघताना पोरगी चैतरामच्या पाठीला बांधलेली, झोपलेली होती. टोपी काढली असती तर उठली असती.

सोमवार, २९ डिसेंबर

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ट्रिप यशस्वी. केदाररावांचा अंगठा. प्राचीचं लाल हृदय. अलकानं विचारलं, मफलर घेतला होता ना? सोबत कोण आहेत ते कोणी विचारलं नाही. मी दिवसभर उत्तर तयार ठेवलं होतं. फोन चार्जिंगला लावतानासुद्धा जवळच बसलो.

नेटवर्क खराब आहे. फोटो तिकडे लहान दिसत असावा.

मंगळवार, ३० डिसेंबर

अबोलीचा व्हॉइस मेसेज. तिला मराठी बोलायची सवय नाही. नानाजी, वो मेरी कैप उस बेबी ने क्यूँ पहनी है?

एवढ्या सगळ्यांत हिनंच बघितलं. पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. आवाज किती मोठा झाला आहे तिचा. लगेच कळवलं, दुसरी घेतो, अशीच, गुलाबी. आणि त्याच दुकानात गेलो.

त्यानं परत वय विचारलं. मी परत कमरेपाशी हात धरला. हात तिथेच राहिला. तेवढी दीपिका आहे. दीपिका चार वर्षांची आहे. अबोली दुसरीत शिकते.

हात वर घेतला. किती वर घ्यायचा ते कळेना. प्राचीला फोन लावून विचारता आलं असतं, पण नात केवढी झाली हे विचारायचं कसं? दुकानात गर्दी होती, बायका स्वेटर बघत होत्या, आणि मला इतकं एकटं वाटलं की काउंटरला धरून उभा राहिलो. हे इथेच लिहितो आहे. बाहेर सांगण्यासारखं नाही.

दुकानदार म्हणाला, काका, अंदाजानं काहून घेता, पोरीलेच घेऊन या ना एकडाव. मी म्हटलं, हौ, आणतो.

टोपी न घेता घरी आलो. उद्या नळाचा दिवस आहे, लवकर उठायचं.