अठरा तारखेच्या आत

नागपूर, ३ जुलै

चि. वैभूस,
जय भीम व अ. आ.

घरचा फोन आई स्पीकरवर ठेवते आणि अर्धी गल्ली ऐकते, म्हणून लिहिते आहे. बीएस्सीच्या यादीत तुझं नाव लागलं. अठरा तारखेच्या आत शाळेचा दाखला घेऊन आली नाहीस तर जागा जाईल. तू हो म्हणत नाहीस, नाहीही म्हणत नाहीस. बारावीला पुस्तक उशाशी घेऊन झोपणारी तूच ना?

माझ्यासोबतच्या मैत्रिणी एक वर्ष थांबू म्हणाल्या होत्या. एकही परत कॉलेजात गेली नाही. मला फार भीती वाटते गं. रागावायचं तर पत्रातून रागाव, पण लिही.

तुझी ताई,
प्रीती

भिवापूर, ७ जुलै

ती. ताईस,
सा. जय भीम.

मे महिन्यात आईला नागपूरला धंतोलीतल्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. तिचा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी तुझ्या हॉस्पिटलात तुझी लॅब पाहायला आले. तू काउंटरवर बसून नंबर पुकारत होतीस. एका माणसानं तुझ्या अंगावर फाईल फेकली आणि सॉरी तूच म्हणालीस. मी तशीच जिना उतरले. आईला सांगितलं, ताई सुट्टीवर आहे.

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून चौकात तुझा बॅनर लागला होता. तो लावणारे शेजारचे बळीराम काका आता माझाही फोटो मागून राहिले. मला धडकी भरते. अभ्यासाचा कंटाळा नाही, ताई. पण इतकं शिकून तू आईला खरं सांगायला भितेस, तर मी कशासाठी यायचं?

माया कमी करू नको.

वैभू

नागपूर, १० जुलै

चि. वैभूस,
जय भीम व अ. आ.

तू पाहिलंस ते खरं आहे. दोन वर्षं मी काउंटरवरच आहे. आई गावभर कौतुक सांगते म्हणून लॅब म्हणाले, मग ते मागे घेता येईना.

शिकलीस की नोकरी मिळेलच, असं मी सांगणार नाही. पण खेड्यातली माणसं रिपोर्ट घेऊन घाबरून उभी असतात, तेव्हा त्यात काय लिहिलंय ते मी त्यांना समजावते. ते मला शिकल्यामुळे येतं. त्यात खोटं काही नाही.

सोबत आईसाठी चिठ्ठी आहे, त्यात फाईलसकट सगळं खरं लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव. एक ओळ गाळू नको. मग तुझं तू ठरव. मी इथे जीव मुठीत धरून बसले आहे.

अजून तुझी असेन तर,
ताई

भिवापूर, १३ जुलै

ती. ताईस,
सा. जय भीम.

काल वाचून दाखवलं. आईचं तांदूळ निवडणं थांबलं. मला वाटलं, आता दोघींचंही संपलं. मग तिनं विचारलं, त्या फाईलवाल्याले कोणीच काही बोललं नाही काय? मी नाही म्हटलं. तशी पदरानं डोळे पुसून म्हणाली, ताई तिथं एकटी भिऊन राहिली, तू इथं भिऊन राहिली, दोघी एकाच जागी भ्या ना वं.

बुधवारी, सतरा तारखेला, पहिल्या एसटीनं दाखला घेऊन येते. स्टँडवर माझ्या आधी पोहोच.

तुझीच,
वैभू